अल्झायमरचा धोका कोणाला? वय, अनुवंश आणि न मिळालेली शाळा

"वय झालं की विसरायला होतंच," असे आपल्या घराघरांतून म्हटले जाते. भाजीत मीठ घातले की नाही हे न आठवणे, नातवाला हाक मारताना मुलाचे नाव तोंडात येणे, लग्नात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटूनही नाव न सुचणे, एवढ्यापुरते ते म्हणणे खरेही आहे. परंतु चाळीस वर्षे रोज केलेली भाजी कशी करायची हेच एखाद्या माउलीला उमजेनासे होते, स्वतःच्या गल्लीत शिरूनही घर सापडत नाही, दुपारी पोटभर जेवलेला माणूस चार वाजता "मला कोणी वाढलंच नाही" म्हणून रडू लागतो, तेव्हा ते नुसते वय नसते. तो आजार असतो. आपण मात्र "म्हातारचळ लागला" म्हणतो, कोणी "बाहेरचे काही आहे" म्हणतो, आणि त्या माणसाला कोपऱ्यातल्या खाटेवर बसवून मोकळे होतो.

प्रस्तुत लेखात या आजाराची संपूर्ण माहिती देण्याचा आमचा हेतू नाही. तो कोणाला होण्याचा संभव अधिक असतो, का असतो आणि त्यातले आपल्या हाती किती आहे, एवढाच विषय आम्ही घेतला आहे. वडीलधाऱ्या सभासदांनी हा लेख स्वतःसाठी वाचावा. विद्यार्थ्यांनी आईवडिलांसाठी वाचावा, कारण या आजाराची पेरणी चाळिशी-पन्नाशीत होते, आणि आज कॉलेजात शिकणाऱ्यांचे आईवडील नेमके त्याच वयाचे आहेत.

आजाराची ओळख

स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर मंडळी डिमेन्शिया म्हणतात, हे एका आजाराचे नाव नव्हे. स्मरण, विचार, भाषा आणि रोजचे व्यवहार ढासळत जाण्याच्या अवस्थेला दिलेले ते नाव आहे. ही अवस्था अनेक कारणांनी येते. त्यांतले सर्वांत मोठे कारण म्हणजे अल्झायमर. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे स्मृतिभ्रंशाच्या १०० रुग्णांपैकी ६० ते ७० जणांत अल्झायमर असतो. त्याच्या खालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे होणारा स्मृतिभ्रंश येतो, आणि पुष्कळ वृद्धांच्या मेंदूत दोन्ही एकत्र नांदत असतात.

आजाराचे नाव डॉ. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांवरून पडले. १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात औगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री त्यांच्याकडे आली. तिला स्वतःचे नावसुद्धा धड लिहिता येत नव्हते. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत आपले निरीक्षण मांडले. पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत गुरफटलेले धागे, अशा दोन गोष्टी त्यांना दिसल्या होत्या. पुटे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची असतात, धागे टाऊ नावाच्या प्रथिनाचे. ही पुटे साचण्यास लक्षणे दिसण्याच्या १५ ते २० वर्षे आधीच सुरुवात होते, हे आता माहीत झाले आहे. म्हणजे सत्तराव्या वर्षी जो आजार घरच्यांच्या लक्षात येतो, तो पन्नाशीच्या आसपास केव्हातरी निमूटपणे आत शिरलेला असतो.

जोखीम म्हणजे नशीब नव्हे

येथे एक शब्द नीट समजून घेतला पाहिजे. पावसाळ्यात शेताच्या बांधावरची वाट निसरडी होते. त्या वाटेने जाणारा प्रत्येक जण पडत नाही, आणि कोरड्या वाटेने जाणाराही कधी ठेचकाळतो. तरीही निसरड्या वाटेवर पडणाऱ्यांची संख्या जास्त असते. जोखीम-घटक म्हणजे अशी निसरडी वाट. ज्याला मधुमेह आहे त्याला अल्झायमर होणारच असे नाही, आणि ज्याला कुठलाच दोष नाही तो सुटलाच असेही नाही. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. "आईने असे केले असते तर", "आम्ही वेळेवर तसे केले असते तर", असे म्हणत स्वतःला किंवा रुग्णाला दोष देत बसण्याला आधार नाही.

सर्वांत मोठी जोखीम वयाची. पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी हा धोका ढोबळमानाने दुप्पट होत जातो. वयावर इलाज नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

दुसरी अनुवंशाची. येथे मात्र गैरसमज फार आहेत. "आमच्या सासऱ्यांना होता, आता ह्यांना होणार," असे एका भगिनीने आम्हाला रडवेल्या स्वरात विचारले होते. वस्तुस्थिती अशी, की थेट आईबापांकडून मुलांकडे उतरणारा अल्झायमर अत्यंत विरळ आहे. तो तीन जनुकांतील दोषांमुळे होतो, बहुधा साठीच्या आतच दिसतो आणि एकूण रुग्णांत त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींना हा आजार लवकर होतो, कारण अमायलॉइड ज्या जनुकापासून बनते ते २१ व्या रंगसूत्रावर असते आणि त्यांच्याकडे ते रंगसूत्र दोनऐवजी तीन असते. बाकी बहुसंख्य लोकांच्या बाबतीत एपीओई नावाच्या जनुकाचा चौथा प्रकार धोका वाढवतो. आईकडून किंवा वडिलांकडून एक प्रत आली तर काहीसा, दोघांकडून आली तर बराच जास्त. पण तो धोकाच, शिक्कामोर्तब नव्हे. ती प्रत असलेले कित्येक जण नव्वदीपर्यंत ठणठणीत राहतात. घरातल्या एका वृद्धाला आजार झाला म्हणून तरुण मुलांनी जनुकतपासणीमागे धावावे असे आम्हाला वाटत नाही. तो पैसा आणि ती चिंता दोन्ही दुसरीकडे लावता येतील.

शाळेचा आणि मेंदूचा संबंध

ज्या मुद्द्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला, तो आता येतो. बालपणी शिक्षण न मिळणे हा स्मृतिभ्रंशाचा मान्यताप्राप्त जोखीम-घटक आहे.

पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हालाही हे विचित्र वाटले. मधुमेह समजू शकतो, विडी-सिगारेट समजू शकते. पण सहाव्या वर्षी शाळेत न गेल्याचा ऐंशीव्या वर्षीच्या मेंदूशी काय संबंध? याचे उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासावरून चांगले समजते. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ साली मिनेसोटा राज्यातल्या मॅनकेटो गावच्या मठात ख्रिस्ती भगिनींचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यात एकाच संघाच्या ६७८ भगिनी सहभागी झाल्या आणि मृत्यूनंतर आपला मेंदू तपासणीस देण्याचे त्यांनी मान्य केले. या स्त्रियांचे आहार, निवास, औषधपाणी सारखे. व्यसन नाही, बाळंतपण नाही. त्यामुळे तुलना करणे सोपे गेले. मठात व्रत घेण्यापूर्वी, विशीच्या सुमारास, प्रत्येकीने एक छोटे आत्मवृत्त लिहिले होते. ती जुनी कागदपत्रे स्नोडन यांच्या हाती लागली. १९९६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ज्यांच्या तरुणपणच्या लेखनात वाक्यागणिक विचार दाटीने आले होते, त्यांच्यात सुमारे साठ वर्षांनंतर हा आजार कमी दिसला. ज्यांचे लेखन विरळ होते त्यांच्यात जास्त.

त्याच अभ्यासातल्या सिस्टर मेरी या १०१ वर्षे जगल्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत त्या शिकवत होत्या. मृत्यूपूर्वीच्या परीक्षांत त्यांचे गुण उत्तम होते. पण मेंदू तपासला तेव्हा त्यात अल्झायमरची पुटे आणि धागे भरपूर सापडले. आजार होता, पण तो दिसला नव्हता!

शास्त्रज्ञ याला मेंदूची राखीव शक्ती म्हणतात. आपण शिल्लक म्हणू. ज्याने बँकेत पाच पैसे बाजूला टाकले आहेत त्याचा एक महिन्याचा पगार बुडाला तरी चूल पेटते; ज्याच्या गाठीशी काही नाही त्याच्या घरी दुसऱ्याच दिवशी उपास. वाचणे, लिहिणे, हिशेब करणे, नवे शिकणे यांमुळे मेंदूतल्या पेशींचे परस्परांशी जोड वाढतात. पुढे काही वाटा बंद पडल्या तरी मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवतो.

आता ही गोष्ट आपल्याकडे लावून पाहा. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या १०० स्त्रियांपैकी साक्षर नऊसुद्धा नव्हत्या. नेमका आकडा ८.८६ टक्के. आज ज्या आज्या पंचाऐंशीच्या घरात आहेत त्या तेव्हा दहा-बारा वर्षांच्या मुली होत्या. त्यांतही ज्यांना शाळेच्या व्हरांड्यात वेगळे बसवले जाई, ज्यांच्या हाताला पाटीऐवजी खुरपे आले, त्यांची ही शिल्लक त्यांनी उधळली नव्हती. ती त्यांना साठवूच दिली गेली नाही. शिक्षण नाकारल्याने नोकरी गेली, मान गेला, हे आपण नेहमी बोलतो. म्हातारपणाची शुद्धही त्यात पणाला लागली होती, हे आपल्या भाषणांत अजून यायचे आहे.

भारतातली आकडेवारी काय सांगते? मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने वृद्धांची जी राष्ट्रीय पाहणी केली, तिला जोडून साठीवरील चार हजारांहून अधिक लोकांची बुद्धिक्षमता तपासली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, आणि शिक्षण जितके कमी तितके प्रमाण अधिक.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हरियाणातील बल्लभगड परिसरातल्या खेड्यांत १९९० च्या दशकात मोठा अभ्यास झाला होता. तिथले बहुसंख्य वृद्ध निरक्षर होते, तरीही अल्झायमरचे प्रमाण जगात आढळलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी निघाले, आणि साक्षर-निरक्षर असा फरक नव्या रुग्णांत दिसला नाही. एपीओईचा तो धोकादायक प्रकारही त्या लोकांत तुलनेने कमी होता. तेव्हा शाळा हेच एकमेव कारण असे कोणी म्हणू नये. विद्यार्थ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की एका अभ्यासाने शास्त्र ठरत नसते.

मग जे शिकले नाहीत त्यांचे काय? त्यांच्या बाबतीत हैदराबादचा एक निष्कर्ष आम्हाला फार मोलाचा वाटतो. तिथल्या निझाम आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली त्यांनी दाखवले, की दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती. महत्त्वाचे म्हणजे जे अजिबात शाळेत गेले नव्हते त्यांच्यातही हा फरक दिसला. म्हणजे शिल्लक फक्त वर्गात साठत नाही. घरी मराठी, गिरणीत हिंदी, शेजारणीशी तेलुगू किंवा कानडी बोलणाऱ्या आपल्या आयाबायांनी नकळत काही साठवले असणार. इतर देशांतल्या सगळ्या अभ्यासांनी याला दुजोरा दिलेला नाही, हे खरे. तरीपण "आमच्या आईला काही येत नाही," असे म्हणण्यापूर्वी मुलांनी थोडे थांबावे.

परीक्षेतही शाळाच आडवी येते

आमच्या कॉलनीतल्या एका आजींना त्यांच्या मुलाने एका दवाखान्यात नेले होते. तिथल्या मुलीने विचारले, "आजी, शंभरातून सात गेले, किती उरले?" आजी म्हणाल्या, "कसले सात, बाळा? रुपये की पायल्या?" मग त्यांच्या हाती पेन्सिल देऊन घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. आजींनी जन्मात पेन्सिल धरली नव्हती. कागदावर स्मृतिभ्रंश असा शेरा पडला. ह्याच आजी भिशीतल्या बावीस बायकांचे देणे-घेणे तोंडी सांगतात आणि त्यात चार आण्याची चूक होत नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी कान तपासले तेव्हा कळले की आजींना निम्मे प्रश्न ऐकूच आले नव्हते.

ही अडचण जाणून बल्लभगडच्या अभ्यासकांनी निरक्षरांसाठी वेगळी प्रश्नावली तयार केली होती. त्यात शब्दाची उलट अक्षरे सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे असतात, आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायचे असते. आपल्या वृद्धांना तपासणीस नेताना "आई शाळेत गेलेली नाही" आणि "आईला ऐकू कमी येते" ही दोन वाक्ये डॉक्टरांना आधी सांगावीत. शरम वाटू देऊ नये.

उलट उदाहरण एका निवृत्त गुरुजींचे. भाषण द्यायला उभे राहिले तर अर्धा तास अस्खलित बोलत. त्यामुळे ते पेन्शनची पासबुके लपवू लागले, बायकोवर चोरीचा आळ घेऊ लागले, तरी घरच्यांना वाटले की स्वभाव बिघडला. एवढा शिकलेला माणूस, त्याला कसला विसरण्याचा आजार? दोन वर्षे अशीच गेली. शिक्षणाची शिल्लक आजार झाकून ठेवते, आणि झाकण उडते तेव्हा आत बरेच जळून गेलेले असते. शिकलेल्यांत निदानानंतर घसरण वेगाने होते, असे जे आढळते त्याचे कारण हेच असावे.

चाळिशीनंतरची कामे

बालपण परत येत नाही. परंतु जोखमीचा बराच भाग मध्यम वयात तयार होतो, आणि तिथे हात घालता येतो. "द लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०१७ साली असे नऊ घटक सांगितले होते. २०२० मध्ये ते बारा झाले आणि २०२४ मध्ये चौदा. त्यांच्या हिशेबाप्रमाणे हे सर्व घटक समाजातून पूर्णपणे दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा पुढे ढकलले जातील. हा हिशेब सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचा आहे, एकट्या अल्झायमरचा नाही, आणि तो संपूर्ण समाजाचा आहे. "मी चालायला जातो म्हणून माझा धोका ४५ टक्के कमी झाला," असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

या चौदांत आम्हाला सर्वांत आधी सांगावासा वाटतो तो रक्तदाब. बी.पी. वाढल्याने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होतात आणि खोलवर लहान लहान भाग रक्ताविना मरतात. माणसाला पक्षाघात झाल्याचे कळतही नाही. वर सांगितलेल्या भगिनींच्या अभ्यासात १९९७ साली असे आढळले, की ज्यांच्या मेंदूत अल्झायमरची पुटे होती त्यांपैकी ज्यांना असे लहान आघातही झाले होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कितीतरी जास्त प्रमाणात प्रकट झाला. चाळिशीपासून वरचा रक्तदाब १३० किंवा त्याच्या खाली राखावा, असे तज्ज्ञ मंडळ सुचवते. आपल्याकडे काय होते? कंपनीत तपासणी झाली, बी.पी. १६० निघाला, गोळी सुरू केली. महिन्याने "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद. बी.पी. दुखत नाही, हीच त्याची लबाडी आहे. मधुमेह आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल यांचेही तसेच. कोलेस्टेरॉलची भर मंडळाने २०२४ मध्येच घातली आणि त्याचा वाटा ७ टक्के धरला.

कान हा दुसरा मोठा घटक. त्याचाही वाटा ७ टक्के. गिरणीत, प्रेसमध्ये, कारखान्यात वर्षानुवर्षे यंत्राच्या आवाजात काम केलेली माणसे साठीला बहिरी होतात. घरात त्यांच्याशी बोलणे कमी होते, तीही बोलेनाशी होतात, आणि मेंदूला येणारा आवाजाचा पुरवठाच आटतो. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षे प्रयोग झाला. २०२३ च्या त्या निष्कर्षांत सर्वांना मिळून श्रवणयंत्राचा फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून जास्त धोका होता त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्के मंदावली. चष्मा लागला तर आपण मिरवतो आणि कानाचे यंत्र मात्र लपवतो, हे आता सोडले पाहिजे. डोळ्यांचेही असेच. वेळेवर न काढलेला मोतीबिंदू चौदांच्या यादीत येऊन बसला आहे. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना श्रवणयंत्र, चष्मा, काठी देण्यासाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली होती. तिची शिबिरे केव्हा व कुठे होतात याची चौकशी तरुण कार्यकर्त्यांनी समाजकल्याण कार्यालयात करावी.

एकटेपणाचा वाटा ५ टक्के, म्हणजे शाळा न मिळण्याइतकाच. नवरा गेल्यावर मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेली, बिल्डिंगमध्ये कोणाला ओळखत नसलेली, दिवसभर टी.व्ही.समोर बसलेली आई आपल्याला सुखात वाटते. तिच्या मेंदूला ते सुख मानवत नाही. दीर्घकाळचे नैराश्यही या यादीत आहे.

उरलेल्यांविषयी थोडक्यात. विडी-सिगारेट आणि अति दारू हे दोन्ही यादीत आहेत. तंबाखू-मिश्रीवर तसे अभ्यास झालेले आम्हाला ठाऊक नाहीत, पण तिने रक्तदाब वाढतो आणि तोंडाचा कॅन्सर होतो, तेवढे कारण सोडायला पुरेसे आहे. डोक्याला जबर मार बसणे हाही घटक आहे. मोटारसायकलवर हेल्मेट लटकवून नव्हे, घालून बसावे. लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव आणि हवेतली सूक्ष्म धूळ हे बाकीचे. हवेच्या बाबतीत एकट्या माणसाच्या हाती फारसे नाही. हमरस्त्याच्या आणि कारखान्याच्या कडेला कोणाच्या वस्त्या असतात हे वाचकांना सांगायला नको.

हे सर्व करून खरेच फरक पडतो का? फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांवर दोन वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्यांना आहार, व्यायाम, बुद्धीचे सराव आणि रक्तदाब-शुगरची देखरेख असे सगळे एकत्र दिले. बाकीच्यांना नेहमीचा सल्ला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पहिल्या गटाची बुद्धिक्षमता अधिक चांगली राहिली. फरक डोळे दिपवणारा नव्हता. पण वयाच्या सत्तरीत सुरुवात करूनही तो दिसला, याला महत्त्व आहे.

लक्षणे दिसू लागली तर

विसरणे दिसले की लगेच अल्झायमर समजू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा दोष, नैराश्य, झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा परिणाम, यांनीही माणूस विसरतो, गोंधळतो, आणि यांवर उपचार आहेत. साध्या रक्ततपासणीने पुष्कळ उलगडा होतो. म्हणून सहा महिन्यांहून अधिक काळ घरच्यांना बदल जाणवत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, आणि काय काय बदलले ते एका कागदावर तारखेसह लिहून न्यावे, कारण डॉक्टरांसमोर वृद्ध माणूस अवसान आणून नीट बोलतो आणि घरच्यांचे सांगणे खोटे पडते. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. २०२३ पासून अमेरिकेत अमायलॉइड काढणाऱ्या इंजेक्शनांना पूर्ण मान्यता मिळू लागली, पण ती अगदी सुरुवातीच्या अवस्थेतच चालतात, आजाराचा वेग थोडा कमी करतात, अतिशय महाग आहेत आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

भारतात रुग्णांच्या कुटुंबीयांना आधार देण्यासाठी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ साली केरळात स्थापन झाली, आणि दरवर्षी २१ सप्टेंबर हा दिवस या आजाराच्या माहितीसाठी पाळला जातो. त्या दिवशी आपल्या सभागृहात रक्तदाब, शुगर आणि कान तपासण्याचे शिबिर भरवता येईल. खर्च मोठा नाही. आज्यांच्या अक्षरओळखीचा वर्ग त्याला जोडावा असे आमचे मत आहे. सत्तरीत बाराखडी शिकून गेलेली सगळी शिल्लक भरून निघेल असा आमचा दावा नाही. पण त्या निमित्ताने आठवड्यातून दोन दिवस त्या घराबाहेर पडतील, चार जणींशी बोलतील आणि डोके चालवतील.

पायल्यांचा हिशेब विचारणाऱ्या त्या आजींना मुलाने कानाचे यंत्र आणून दिले. पहिला आठवडा त्यांनी ते डब्यात ठेवले, कुकरच्या शिट्टीने डोके उठते म्हणाल्या. आता लावतात. गेल्या महिन्यात आम्ही त्यांना सहज म्हटले, "आजी, वार उलटे म्हणून दाखवा." त्यांनी रविवार, शनिवार, शुक्रवार असे एका दमात सोमवारपर्यंत म्हटले आणि वर विचारले, "एवढंच होतं, तर त्या पोरीनं पेन्सिल कशाला दिली?"